वाकलेली पाठ कोण धरतं?

जानेवारीत नामपूरहून कुठल्याही बाजूला निघा, मोसम खोऱ्यात एकच चित्र दिसतं. पाणी भरलेले वाफे, चिखलात उतरलेल्या दहा-पंधरा बायांची रांग, आणि सगळ्यांच्या पाठी आभाळाकडे. उन्हाळ कांद्याची लागवड चाललेली असते. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात. रोप टोचलं की पुढचं.

बांधावर बसून मी एकदा हिशोब मांडला. दोन ओळींत १५ सेंटिमीटर, दोन रोपांत १० सेंटिमीटर असं अंतर धरलं तर एका एकरात अडीच लाखांच्या वर रोपं बसतात. पाटाची, बांधाची जागा वजा केली तरी आकडा लाखांतच राहतो. प्रत्येक रोप वाकूनच लावायचं. उक्तं काम असलं की बाई प्रत्येक रोपाला उठत-वाकत नाही, वाफा संपेपर्यंत वाकलेलीच राहते. मग ही पाठ इतका वेळ धरून कोण ठेवतं?

‘स्नायू’ असंच कुणीही म्हणेल, मीही म्हणालो असतो. १९५०च्या दशकात फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोन ब्रिटिश संशोधकांनी माणसांच्या पाठीला विद्युतवाहक टोकं लावली, त्यांना हळूहळू पुढे वाकायला सांगितलं आणि स्नायूंतल्या विजेची नोंद घेतली. वाकायला सुरुवात झाली तसे कण्यालगतचे मोठे स्नायू जोरात कामाला लागले, हे अपेक्षितच होतं. पण माणूस पुरता वाकला आणि ते गप्प झाले! नोंदीची रेघ जवळजवळ सपाट. छाती, डोकं, हात असं सगळं धड कमरेतून लोंबतंय आणि ज्यांनी ते पेलायचं ते स्नायू सुट्टीवर.

त्या वेळी भार असतो मुख्यतः अस्थिबंधांवर. हाडाला हाड बांधणारे हे चिवट पट्टे. स्नायूला ताकद लावायला इंधन जाळावं लागतं. अस्थिबंध नुसता ताणला जातो, दोरीसारखा, फुकटात. वाकलेली बाई पाठ उचलून धरत नसते, ती स्वतःच्या दोऱ्यांवर टांगलेली असते.

ही युक्ती बैलाकडे आपल्यापेक्षा सरस आहे. चरताना एवढं जड डोकं तासन्‌तास खाली, पण मान दुखल्याची तक्रार नाही. त्याच्या मानेत वरच्या अंगाला जाड पिवळा लवचीक पट्टा असतो, तो डोकं तोलून धरतो. माणसाच्या मानेत त्याची नुसती खूण उरली आहे. पिवळा बंध मात्र आपल्यातही आहे, कण्याच्या आत. एका मणक्याच्या कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत असे आखूड पट्टे थेट खालपर्यंत गेलेले असतात. शरीरातले बहुतेक अस्थिबंध पांढरे आणि फारसे न ताणणारे असतात. हे पिवळे, कारण त्यांचा सुमारे ८० टक्के भाग इलॅस्टिन या रबरासारख्या द्रव्याचा. त्यांच्या पुढ्यातच मज्जारज्जूची नळी आहे. वाकल्यावर ताणलेला पट्टा उभं राहिल्यावर सैल पडून चुणला असता, तर ती चुणी नळीतच घुसली असती. म्हणून तो चुणतच नाही, आखडून सपाट होतो. उभ्या माणसातही तो किंचित ताणलेलाच असतो.

एवढं काम करणाऱ्या अवयवाला आपल्या बोलण्यात नाव नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. नामपूरच्या बाजारात दहा जणांना विचारा, ‘शीर आखडली’, ‘नस दबली’, ‘उसण भरली’ हेच ऐकाल. अस्थिबंध हा शब्द पाठ्यपुस्तकातून बाहेर आलाच नाही. खरं तर जुना शब्द होता. सुश्रुतसंहितेत स्नायू म्हणजे मांस नव्हे, ते बांधणाऱ्या दोऱ्या. मांसाला तिथे पेशी म्हणतात. पुढे मराठीने स्नायू हा शब्द मांसाला देऊन टाकला आणि दोरी बिननावाची राहिली.

सुश्रुताने ९०० स्नायू मोजले, त्यांतले २३० धडात. सांधे २१०, त्यांतले धडात ५९: कमरेच्या हाडांत ३, पाठीच्या कण्यात २४, दोन्ही कुशींत २४ आणि छातीत ८. आजची मोजणी वेगळी येते, पण कुशीतले २४ वाचून आपल्या बरगड्यांच्या बारा जोड्या आठवतातच. मला मोजणीपेक्षा त्याची उपमा आवडते. तो नावेचा दाखला देतो. फळ्या नुसत्या शेजारी ठेवल्या तर नाव होत नाही. दोऱ्यांनी घट्ट बांधल्या की तीच पाण्यावर माणसांचा भार वाहते. देहही तसाच, म्हणतो.

बांधलेली नाव ताठ असते. आपली मात्र सतत हलते, झोपेतसुद्धा. प्रत्येक बरगडी मागच्या बाजूला मणक्याला टेकते आणि वरच्या दहा जोड्या मणक्याच्या आडव्या पंखालाही. म्हणजे पाठीमागेच २४ आणि २० असे ४४ सांधे, आणि श्वासागणिक ते सगळे हलतात. मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवसाला २१,६००. योगग्रंथांतही नेमका हाच आकडा आहे. या हालचालींना शरीरशास्त्राने दिलेली नावं तर थेट आपल्या अंगणातली वाटतात. वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या उचलतात, छाती पुढे येते. खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाहेर वर येतात, छाती रुंद होते. हापसा आणि बादली, दोन्ही एका पिंजऱ्यात. पटत नसेल तर दोन्ही हात कुशींवर ठेवा आणि खोल श्वास घ्या, कडी उचललेली कळेल.

बाजार समितीत कांद्याची गोणी पाठीवर घेणारा हमाल पाहिला की मात्र मला गळ्याखालची ती जागा आठवते, जिथे गळ्याचं हाड छातीच्या हाडाला मिळतं. सबंध हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो एवढ्या एकाच ठिकाणी. बाकी सगळी जोडणी मांसाची. तो सांधा बोराएवढा वाटतो, पण त्याचे बंध इतके चिवट की जोराचा मार बसला तर सांधा सुटण्याआधी बहुधा गळ्याचं हाडच मोडतं.

आणि सगळ्यात दांडग्या दोऱ्या माकडहाडाच्या वर, त्रिकास्थी दोन्ही बाजूंना कटीच्या हाडांना मिळते तिथे. डोक्यापासून कमरेपर्यंतचा भार इथूनच पायांकडे वाटला जातो. हा सांधा हलतो जेमतेम दोन-चार अंश. पण बाईला दिवस गेले की शरीर स्वतःच हे बंध सैल करू लागतं, पुढचा जघनसांधाही काही मिलिमीटर रुंदावतो. बाळंतिणीची कंबर घट्ट बांधायची आपल्याकडची रीत कुणी कुठल्या ग्रंथातून उचलली नसणार, सैल पडलेली कंबर हाताला कळली असणार.

उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि पाठीला त्याचा पाय लावून घ्यायचा, हा उपाय अजून आहे. साधी लचक बहुतेकदा काही दिवसांत आपली आपणच बरी होते. पायाळू माणसाला तेवढं यश खुशाल घेऊ द्यावं.

पण दोरी फुकटात काम करते म्हणालो, ते पूर्ण खरं नाही. खूप वेळ ताणलेली ठेवली की ती हळूहळू लांबते. वीस मिनिटं पुरतं वाकून बसवलेल्या माणसांच्या कमरा संशोधकांनी तपासल्या तेव्हा उठल्यावर पहिल्या दोन मिनिटांत निम्मा ताठपणा परत आला, उरलेला अर्ध्या तासानंतरही पुरता आला नव्हता. तेवढा वेळ मणक्यांची बांधणी ढिली असते. अशा वेळी झटकन ओझं उचललं तर मणक्यांमधल्या चकतीवर येणारा ताण अडवायला मागची दोरी तयार नसते. त्यातून कमरेपाशी चकतीमागचा लांब पट्टा मुळातच अरुंद होत गेलेला आहे. ‘गादी सरकली’ म्हणतात ती बहुधा त्याच्या कडेने, तिरकी बाहेर येते. सरकत मात्र नाही, चकती मणक्यांना पक्की चिकटलेली असते. फुगते किंवा फाटते.

दुपारी बाया वाफ्यातून बाहेर आल्या. पाण्याचा हंडा बांधावर होता. एका तरुण मुलीने वाकून तो उचलायला हात घातला तशी मागून एक म्हातारी अहिराणीत ओरडली, थांब गं, आधी कंबर जागेवर येऊ दे. ती स्वतः दोन्ही हात कमरेच्या मागे दाबून, किंचित मागे रेलून, डोळे मिटून उभी होती. चिखल तिच्या लुगड्यावर दोन्ही बाजूंना उमटला होता, बरोबर त्रिकास्थीच्या त्या दोन सांध्यांवर.