दरवर्षी येणारा धोंड्याचा महिना

मैत्रिणींनो, तुमची जमाखर्चाची वही जरा उघडून बघा. दूध, वाणसामान, भाजी, वीज, गॅस, मुलांची फी, सगळ्याला रकाने असतील. मोबाइलच्या रिचार्जला आहे का? माझ्या वहीत नव्हता. तो सगळा खर्च ‘किरकोळ’मध्ये जायचा. त्या किरकोळाचा हिशेब मांडायची बुद्धी मला झाली ती आमच्या मावशींमुळे.

मावशी आमच्याकडे धुण्याभांड्याला येतात. एके दिवशी आल्या त्या पदराने डोळे पुसतच. “वहिनी, माझा नंबर गेला हो!” त्यांचा फोन साधा, बटणांचा. रिचार्जला दर खेपेला दोनशेच्या घरात पैसे जायचे आणि त्यात इंटरनेट असायचं, जे त्या फोनवर चालतच नाही. “मला काय करायचंय ते इंटरनेट?” असं म्हणून त्यांनी चार महिने रिचार्जच केला नाही. नंबर बंद पडला. बँकेचं खातं, आधार, गॅस, सगळं त्याच नंबराला जोडलेलं! २०२५ साली लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायची वेळ आली, तर ओटीपी जाणार त्या मेलेल्या नंबरावर. मग एक दिवस बँकेत, एक दिवस आधार केंद्रात, असे दोन खाडे झाले.

“दोनशे रुपये वाचवायला गेले नि दोन दिवसांची मजुरी गेली,” असं त्या म्हणाल्या ते माझ्या मनाला फार लागलं. कारण चूक त्यांची नव्हती. नको असलेली वस्तू गळ्यात पडत होती, म्हणून हवी असलेलीही त्यांनी सोडून दिली. त्यांना स्वस्तातली सोय आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि खरं सांगू? मलाही ते माहीत नव्हतं.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

रात्री वही घेऊन बसले. आमच्या घरात चार फोन. ह्यांचा, माझा, सासूबाईंचा आणि मुलाचा. माझ्या फोनच्या रिचार्जच्या तारखा शोधून काढल्या, तर वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज! पॅक ‘महिन्याचा’ म्हणतो आपण, पण तो असतो २८ दिवसांचा. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. झालं की वर्ष! अधिक महिना निदान तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्यात जावयाला अनारशाचं वाण दिल्याचं पुण्य तरी मिळतं. हा रिचार्जचा धोंड्याचा महिना मात्र दरवर्षी येतो आणि पुण्य शून्य.

ह्यावर उपाय आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘ट्राय’, ह्यांनी जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना बजावलं की ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा पॅकही ठेवायलाच हवा. पण तो मागितल्याशिवाय पुढे येत नाही. म्हणून दर विचारताना ‘महिन्याचा केवढ्याला?’ असं विचारू नका. ‘किती दिवसांचा?’ असं विचारा.

सासूबाईंना इंटरनेट कशाला?

शिधापत्रिका दाखवून धान्य मिळतं, तशी रिचार्जला सवलत आपल्याकडे मिळत नाही. अमेरिकेत ‘लाइफलाइन’ नावाची योजना १९८५ पासून आहे. तिथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला फोनच्या किंवा इंटरनेटच्या बिलात दरमहा सव्वानऊ डॉलरपर्यंत सूट मिळते. आपल्याला मात्र बचत आपल्याच अकलेने करावी लागते. पण एक नियम आपल्या बाजूने आहे आणि तो प्रत्येकीने पाठ करून ठेवावा.

२३ डिसेंबर २०२४ रोजी ‘ट्राय’ने नियमात बदल केला. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएस असलेला, इंटरनेट नसलेला निदान एक पॅक ठेवलाच पाहिजे. अशा पॅकची मुदत पूर्वी जास्तीत जास्त ९० दिवस असे, ती आता ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. साधा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी आणि मावशींसारख्यांसाठी ही मोठी सोय आहे.

आता हिशेब बघा. जानेवारी २०२५ च्या अखेरीला एअरटेलचा इंटरनेटसकट २८ दिवसांचा पॅक १९९ रुपयांना होता. तेरा वेळा केला की २,५८७ रुपये. त्याच वेळी फक्त कॉल-एसएमएसचा ३६५ दिवसांचा पॅक १,८४९ रुपयांना होता. एका फोनमागे ७३८ रुपये वाचले!

तुम्ही म्हणाल, “एकदम अठराशे कुठून आणायचे?” अगदी बरोबर. हातावर पोट असलेल्या घरात मोठी रक्कम एकरकमी निघत नाही. त्यासाठी ८४ दिवसांचा पॅक असतो. तो तेव्हा ४६९ रुपयांना होता, म्हणजे २८ दिवसांना साधारण १५६ रुपये पडले. १९९ च्या मानाने तरी बरेच कमी. ह्यातही जमेल तिने दरमहा १५५ रुपये डब्यात बाजूला टाकावेत. वर्षाला १,८६० होतात आणि पुढच्या वर्षी सबंध वर्षाचा पॅक घेता येतो. भिशी लावतो तसंच हे.

अजून एक गंमत सांगते. त्याच सुमारास जिओचा असाच मोठा पॅक १,७४८ रुपयांना होता. दिसायला शंभर रुपये स्वस्त! पण मुदत ३३६ दिवस, म्हणजे २८ चे बारा महिने. दिवसाला ५ रुपये २० पैसे पडले, आणि १,८४९ वाला पडला ५ रुपये ७ पैसे. स्वस्त दिसला तोच महाग निघाला. दर सतत बदलतात, तेव्हा हे आकडे पाठ करू नका. रीत मात्र लक्षात ठेवा: रुपयांना दिवसांनी भागा. वांगी वाट्यावर न घेता किलोच्या भावाने घेतो, तसंच.

दुकानात काय म्हणावं?

मी सासूबाईंचा फोन घेऊन गल्लीतल्या दुकानात गेले. “भाऊ, फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक सांगा. डेटा नको.”

“तसला नसतो, ताई.”

“असतो. कंपनीला ठेवावाच लागतो. जरा बघा की.”

त्याने बघितलं. होता! यादीत अगदी तळाशी. तेव्हा पहिल्या नकारावर परत फिरू नका.

पॅक बदलण्याआधी घरातल्या प्रत्येक फोनचं काम काय, हे लिहून काढा. ह्यांना कामासाठी इंटरनेट लागतं. मुलाला अभ्यासाला लागतं, पण तो संध्याकाळी ह्यांच्याच फोनच्या हॉटस्पॉटवर भागवतो. सासूबाईंना मामंजींच्या भावाशी आणि नणंदेशी बोललं की झालं. माझ्या फोनला मात्र मी डेटा ठेवलाय. भिशीचा आणि शाळेचा सगळा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो आणि कॉलच्या पॅकवर व्हॉट्सॲप बाहेर पडलं की चालत नाही. हे आधीच सांगते, नाहीतर मागाहून मला बोल लावाल!

दुसऱ्या कंपनीचा पॅक परवडत असेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. PORT हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि १९०० वर एसएमएस करायचा. उत्तरात एक कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात आधारसह जायचं. फक्त त्या कंपनीची रेंज आपल्या माजघरात येते का, हे आधी शेजारणीच्या फोनवर बघून घ्या.

नंबर जाऊ देऊ नका

काटकसर करा, पण मावशींसारखं एकदम तोडू नका. नव्वद दिवस नंबर वापरलाच नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात वीस रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर न वापरल्याच्या कारणाने बंद करता येत नाही, असा २०१३ पासूनचा नियम आहे. बंद झाल्यावरही परत मिळवायला पंधरा दिवसांची सवड असते. पण वीस रुपये ठेवले म्हणून कॉल आणि ओटीपी येत राहतील असं समजू नका. त्यासाठी पॅकची मुदत चालूच हवी.

बंद झालेला नंबर निदान नव्वद दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो देता येतो. म्हणजे तुमच्या बँकेचे निरोप भलत्याच माणसाच्या फोनवर! म्हणून नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक, आधार, गॅस आणि शिधापत्रिका, चारही ठिकाणी नवा नंबर नोंदवा.

आणि हो, न मागितलेली गाणी, जोतिष, खेळ असल्या सेवांचे पैसे शिलकीतून कापले जात असतील, तर १५५२२३ वर फोन किंवा एसएमएस करून त्या बंद करता येतात. पैसे उगाच गेले असतील तर कंपनीच्या १९८ ह्या तक्रार क्रमांकावर सांगा. ते तक्रारीचा नंबर देतात, तो वहीत टिपून ठेवा. दाद लागली नाही, तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्याला फी पडत नाही.

मावशींना नवा नंबर मिळाला. त्यांना ८४ दिवसांचा कॉलचा पॅक घालून दिला आणि संपायची तारीख त्यांच्या घरच्या कालनिर्णयावर लाल पेन्सिलीने खूण करून दिली. शेजारच्या दोघी बायकांनीही त्यांच्याकडूनच ऐकून पॅक बदलले. आता त्या मला विचारतात, “वहिनी, तुमच्या सासूबाईंची तारीख कधी हो?”

तेव्हा मैत्रिणींनो, आजच वहीत रकाना आखा. फोन कुणाचा, पॅक किती दिवसांचा, संपतो कधी. आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या फोनचीही एकदा चौकशी करा.