चित्र मुलीचे, कौतुक कोणाचे?

शाळेचे स्नेहसंमेलन असले की वर्गात दोऱ्या बांधून त्यांवर मुलांची चित्रे टांगली जातात. पालक ओळीने पुढे सरकतात आणि आपल्या पाल्याचे नाव दिसताच थबकतात. अशाच एका दोरीवर पहिलीतल्या मुलीने काढलेले घर लटकत असते. घराला छप्पर आहे, दार आहे. परंतु आतली चूल, खाटेवर निजलेली आजी, एवढेच नव्हे तर आजीच्या पोटातला भातदेखील बाहेरून स्पष्ट दिसतो आहे. वडिलांचा चेहरा आनंदाने फुललेला असतो. तरीही शेजारच्या गृहस्थांकडे ओझरते पाहून ते मुलीला विचारतात, “अगं, पण भिंत कुठे आहे?” मुलगी म्हणते, “भिंत रंगवली असती, तर आजी दिसली असती का?”

या उत्तरात एक मोठा सिद्धांत दडलेला आहे. जॉर्ज-आंरी ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली बालचित्रांवरील ग्रंथात तो मांडला. लहान मूल डोळ्यांना दिसते ते काढत नाही; त्याला जे ठाऊक असते ते काढते. आजी घरात आहे हे मुलीला ठाऊक आहे, म्हणून ती चित्रात आहे. आठ-नऊ वर्षांच्या सुमारास मूल दिसते तसे काढू लागते आणि भिंती आपोआप उभ्या राहतात. तीही वाढच होय. प्रश्न एवढाच की, ती भिंत मुलीच्या नजरेतून यावी की वडिलांच्या प्रश्नातून?

वडिलांचा अभिमान हा उपहासाचा विषय नव्हे. आजच्या कित्येक पालकांची चित्रकला गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर सुरू झाली आणि तेथेच, तळहातावरील छडीबरोबर, संपली. त्या पिढीने मुलीचे चित्र कपाटाच्या दारावर चिकटवावे, कार्यालयात सहकाऱ्यांना मोबाइलवर दाखवावे, यात एक जुनी भरपाई आहे. अडचण पुढे येते. कौतुकाच्या पाठोपाठ “नंबर आला का?” हा प्रश्न येतो आणि नंबर यायचा तर चित्र कसे असावे, हे घरातील सर्वांना ठाऊक असते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणाची नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड. ज्या जिल्ह्यांत नारळ केवळ देवळापुढच्या दुकानात दिसतो, तेथील मुलेही हे झाड बिनचूक काढतात.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले, चित्र काढाल तर सोनेरी चांदणी व लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते चित्र काढून झाल्यावर अचानक दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत रंगांचे सामान पुन्हा वर्गात मांडले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले त्याकडे इतरांच्या निम्माच वेळ वळली. ज्यांना प्रशस्तिपत्र अवचित मिळाले होते, त्यांची आवड मात्र कायम राहिली. म्हणजे दोष कौतुकाचा नव्हता, सौद्याचा होता.

महाराष्ट्राला हे अगदीच नवे नव्हते. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केले आणि शिक्षेबरोबर बक्षिसालाही वर्गाबाहेर काढले. तो विचार गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या बालमंदिरातून ताराबाई मोडक यांनी मराठी मुलखात आणला. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. पानाफुलांच्या मांडणीला कोण पहिला नंबर देणार?

आजच्या शाळेत चित्र काय बिघडवते, याचा दोष शिक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे. पटावर चाळीस मुले, चित्रकलेचा तास गणिताने गिळलेला आणि २०१० पासून आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींचे ओझे! ‘चित्रकलेची आवड आहे’ हे वाक्य किती वह्यांत जसेच्या तसे उतरते, हे शिक्षकच हसत सांगतील. घरीही वेगळे घडत नाही. ‘प्रकल्प’ म्हणून शाळेने सांगितलेला किल्ला वा सूर्यमाला रात्री अकरापर्यंत आई पूर्ण करते. कधी तो दुकानातून तयारच येतो. सकाळी मूल तो दोन्ही हातांनी जपून नेते. टाळ्या वाजतात. त्या आपल्या हाताला नाहीत हे सहा वर्षांच्या मुलाला पुरते कळते, मात्र त्याबद्दल ते कोणापाशी बोलत नाही. पुढच्या वेळी कोरा कागद ते सरळ आईपुढे सरकवते आणि म्हणते, “तूच काढ, माझे चांगले येत नाही.”

पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात त्या मुलीचे घर पुन्हा दोरीवर लटकलेले असते. या खेपेस भिंत आहे. विटा पट्टीने आखलेल्या आहेत, रंग रेषेबाहेर गेलेला नाही, मागे दोन डोंगरही आहेत. चित्राच्या कोपऱ्यात ‘द्वितीय’ अशी चिठ्ठी लावलेली आहे. वडील मोबाइल उंच धरून छायाचित्र टिपतात आणि शेजारचे गृहस्थ मान डोलावतात. आजी घरात आहे की नाही, हे चित्रावरून कळत नाही.