अणुऊर्जा आणि आपण (9) : मर्यादा कोणाच्या सोयीची?

गेल्या लेखातल्या 2010च्या अणुदायित्व कायद्याबद्दल मुरबाडच्या एका वाचकाने विचारले आहे, ‘तारापूर पडले समुद्रकाठी, शहापूर-मुरबाडला या कायद्याचे काय?’ या प्रश्नाला अख्खा लेख द्यायला हवा.

तारापूरचे अणुवीज केंद्र 1969पासून वीज देते आणि 1 ऑगस्ट 2014ला पालघर वेगळा होईपर्यंत ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. सरळ रेषेत शहापूर तिथून सुमारे 80 किलोमीटर. 2011मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्रातील अपघातानंतर तिथून 40 किलोमीटरांच्या आसपासचे इइताते गाव रिकामे करावे लागले, कारण वारा आणि पाऊस-बर्फाने किरणोत्सारी कण तिकडे नेऊन टाकले. त्याहून लांबच्या भागांतही दूध आणि पालेभाज्यांवर निर्बंध आले. आपल्याकडे भातशेती, दूध आणि गवत यांवर घरे चालतात. तानसा आणि भातसाचे पाणी मुंबई पिते. असा अपघात होण्याचा संभव फार थोडा, हे मी या मालेत पुन्हा पुन्हा लिहिले आहे. पण दायित्वाचा कायदा त्या विरळ दिवसासाठीच असतो.

2010च्या या कायद्याचे विधेयक संसदेत मांडले ते कराडचे पृथ्वीराज चव्हाण यांनी. तेव्हा ते पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री होते. नुकसान झालेल्याला कोणाचा दोष सिद्ध करत बसावे लागू नये, त्याने एकाच दारी जावे आणि ते दार प्रकल्पचालकाचे असावे, हे त्याचे सूत्र. भोपाळ वायुदुर्घटनेच्या पीडितांची फरफट पाहिलेल्या देशात ते योग्यच होते. मूळ मसुद्यात चालकाचे दायित्व 500 कोटी रुपये होते, ते चर्चेनंतर 1500 कोटी झाले. त्यापुढचा भार केंद्र सरकारचा, पण तोही एकूण 30 कोटी एसडीआरपर्यंत; एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन. माझा आक्षेप या शेवटच्या मर्यादेवर आहे.

मर्यादा नसेल तर विमा मिळणार नाही, परदेशी पुरवठादार येणार नाहीत आणि वीज महागेल, असे समर्थक म्हणतात. कंपनीपुरते हे मान्य करता येईल. पण तारापूर चालवणारे अणुऊर्जा महामंडळ सरकारचेच आहे. तिथे मर्यादेने सरकारला संरक्षण मिळते. तिजोरीवर अमर्याद बोजा कसा टाकायचा, असेही विचारले जाते. आकडा ठरवल्याने नुकसान कमी होत नाही; उरलेला भाग शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. जपानच्या कायद्यात चालकाच्या दायित्वाला कमाल आकडा नाही. फुकुशिमाची भरपाई अनेक लाख कोटी येनांवर गेली, तेव्हा ती देता यावी म्हणून तिथल्या सरकारने कंपनीमागे पैसा उभा केला.

डिसेंबर 2025मध्ये संसदेने ‘शांती’ विधेयक मंजूर करून 2010चा कायदा रद्द केला. सदोष यंत्रसामग्रीबद्दल पुरवठादाराकडून वसुलीचा हक्क देणारे कलम त्यात गेले. 30 कोटी एसडीआरचा आकडा राहिला. अणुवीज देशाला हवी, या चव्हाणांच्या मताशी मी सहमत आहे. म्हणूनच सांगतो : कंपनीच्या दायित्वाला सीमा घाला, पण पीडिताच्या भरपाईला घालू नका. अणुभट्टी उभारण्याचा निर्णय सरकारचा, तर तिच्या शेवटच्या रुपयाची जबाबदारीही सरकारचीच. मते मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे विचारा.