चेहरा आणि रस्ता

रस्ता सर्वांचा असला, तरी त्यावरून जाणाराचा चेहरा ज्याचा त्याचाच. २००७ सालीं गूगलनें अमेरिकेंतील कांहीं शहरांच्या नकाशांस रस्त्यांचीं छायाचित्रें जोडलीं, त्यांत वाटसरूहि स्पष्ट दिसत. पुढील सालापासून त्यांचे चेहरे पुसट होऊं लागले. गंमत अशी कीं, चेहरा झांकण्यास यंत्राला तो आधीं शोधावा लागतो! पण शोधणें म्हणजे ओळखणें नव्हे. ओळखण्यासाठीं मुखाची ठेवण आंकड्यांत मांडून ती सांठविलेल्या चेहऱ्यांशीं ताडावी लागते. मग कोण कोठें उभा होता, तें कळतें. खरें भय आहे तें ह्याचें. कित्येक जर्मनांस मात्र चेहरे झांकणेंहि पुरेसें वाटलें नाहीं. २०१० सालीं तेथील सुमारें २ लाख ४४ हजार कुटुंबांनीं आपलीं घरेंच पुसट करण्यास सांगितलें. २०२२ सालीं मुंबई-पुण्याचे रस्तेहि ह्या नकाशांत आले.