दारू, यकृत आणि गोळीचे कवच

‘‘डॉक्टर, रोज दोन पेग घेतो खरा, पण सोबत अँटीऑक्सिडंटची गोळीही घेतो. मग लिव्हरला काय होणार?’’ हा प्रश्न मला रत्नागिरीत वारंवार ऐकावा लागतो.

प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही. दारू गावठी असो वा इंग्लिश, यकृतात तिच्यापासून अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते. शिवाय ‘फ्री रॅडिकल्स’ नावाचे उपद्रवी कण तयार होऊन पेशींच्या आवरणावर हल्ला करतात. लोखंड गंजते, तसाच काहीसा हा प्रकार. या कणांना आवरणारे ग्लुटाथिओन यकृत स्वतःच बनवते, पण दारूने नेमका त्याचाच साठा घटतो. तेव्हा बाहेरून अँटीऑक्सिडंट द्यावेत, ही कल्पना सुचणे साहजिक होते.

रुग्णांवरील चाचण्यांत मात्र ती टिकली नाही. दारूमुळे यकृताला सूज आलेल्यांना ई जीवनसत्त्व देऊन त्यांचे आयुष्य वाढले नाही. सिलिमरिनच्या चांगल्या चाचण्यांतही मृत्यू घटल्याचे दिसले नाही. आपल्याकडची कुटकी घ्या. मुंबईच्या डॉक्टरांनी १९९६ साली तिच्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला, गुणही दिसला. पण ते रुग्ण विषाणूजन्य काविळीचे होते. फ्रान्समधील १७४ अत्यवस्थ रुग्णांच्या चाचणीत (२०११) स्टिरॉइडसोबत एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन शिरेतून दिल्यावर पहिल्या महिन्यातील मृत्यू २४ ऐवजी ८ टक्के झाले. सहा महिन्यांनी मात्र ठोस फरक उरला नाही. आणि हा रुग्णालयातील उपचार झाला, पेगसोबत घ्यायची गोळी नव्हे!

उलट काही गोळ्या अपाय करतात. अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा मुळातच यकृताला घातक, दारूसोबत तर अधिकच. बबून माकडांवरील प्रयोगांत बीटा कॅरोटीननेही दारूची इजा वाढली. आवळा, कोकम आहारात जरूर असावेत, पण आगळ प्यायल्याने रात्रीची दारू धुऊन निघत नाही. मला खरी भीती वाटते ती गोळीच्या भरवशावर दोनाचे तीन पेग होण्याची.

नेहमी पिणाऱ्यांत ब-१ जीवनसत्त्व खरोखरच कमी पडते व ते द्यावे लागते, पण ते मेंदू आणि मज्जातंतूंसाठी. यकृतावर चढलेली चरबी दारू पूर्ण थांबवल्यास बहुधा काही आठवड्यांत उतरू लागते. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. हात थरथरणे, भ्रम, झटके येऊ शकतात. त्यासाठी आधी डॉक्टरांना गाठावे. पाय सुजले, पोट फुगले, डोळे पिवळे झाले किंवा रक्ताची उलटी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.