व्याख्येबाहेर राहिलेला वेग

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवर मोडेम लावून मिळणाऱ्या त्या जोडणीतून ई-मेल सुखाने जाई. हलते चित्र धाडणे मात्र तिच्या आवाक्यातच नव्हते. पुढे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने ‘ब्रॉडबँड’, म्हणजे दर वेळी क्रमांक न फिरवता कायम चालू राहणारी वेगवान जोडणी, ही संज्ञा ठरवताना सेकंदाला किमान २५६ किलोबिट डाउनलोडची अट घातली; ग्राहकाकडून बाहेर जाणाऱ्या प्रवाहाचा, म्हणजे अपलोडचा, वेग मात्र तीत मोजलाच गेला नाही.

वाचन आणि गाणी यांपुरते हे खपून गेले. त्या काळी घरोघरी पोहोचलेल्या एडीएसएल तंत्राच्या नावातच असमानता होती, कारण तांब्याच्या तारेची बहुतेक क्षमता येणाऱ्या प्रवाहाला देऊन जाणाऱ्यासाठी जेमतेम वाट ठेवणे ही त्याची मूळ रचना होती. २००६ पासून स्काइपवर व्हिडिओची सोय झाली, तेव्हा पुण्यातल्या आईवडिलांना परदेशातला मुलगा बरा दिसावा आणि त्याला मात्र त्यांचे चेहरे ठोकळ्या-ठोकळ्यांचे दिसावेत, हे त्या रचनेचेच फळ होते.

वेगाखेरीज विलंबाचाही प्रश्न होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषणात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असणे इष्ट. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहामार्गे तो पाव सेकंदावर जातो, मग वेग कितीही असो, दोघे एकमेकांचे बोलणे तोडतच राहतात.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत एकाच घरात शाळा आणि कचेरी भरू लागल्या, तेव्हा ही उणीव उघडी पडली. एकाने मोठी फाइल पाठवली की राउटरमध्ये माहितीच्या तुकड्यांची रांग लागे आणि तिच्यामागे अडकलेला दुसऱ्याचा आवाज तुटू लागे. ऑप्टिकल फायबर घेताना अपलोडचा आकडा आवर्जून विचारणे आणि वेगचाचणी पहाटेऐवजी गर्दीच्या संध्याकाळी करणे, हा शहाणपणा लोकांना यातूनच सुचला. अधिकृत व्याख्या २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली, पण दोन्ही वेळा आकडा डाउनलोडचाच होता. स्पष्ट चित्राच्या सामूहिक कॉलला अपलोडच अडीच-तीन मेगाबिट लागतो.