जोड जलजीवालये

घरातील दोन किंवा अधिक काचटाक्या नळ्यांनी जोडून त्यांतील पाण्याचे गालन व तापन एकाच ठिकाणी करण्याची व्यवस्था. तत्त्व जुने आहे. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे १८७१ साली सुरू झालेल्या जलजीवालयात प्रदर्शनाच्या टाक्यांहून पुष्कळ मोठा अंधारा हौद ठेवून त्यातील समुद्रजल पंपाने सतत फिरते राखले होते. घरगुती मांडणीतील तळटाकी ही त्या हौदाचीच लहान आवृत्ती होय.

वरच्या टाक्यांतील पाणी ठराविक पातळीच्या वर येताच उभ्या नळीतून तळटाकीत उतरते, तेथे गाळले व तापविले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. दोन टाक्यांच्या काठांवरून उलट्या यू-आकाराची नळी टाकून त्या जोडण्याची रीत सोपी असली, तरी विश्वासार्ह नाही. नळीत हवेचे बुडबुडे साठले की प्रवाह तुटतो, पंप मात्र चालूच राहतो आणि पाणी जमिनीवर येते. काचेला भोक पाडून बसविलेली रुंद नळी केव्हाही श्रेयस्कर.

गालनाचा दृश्य भाग म्हणजे स्पंज वा कृत्रिम लोकरीत अडकणारा गाळ. खरे कार्य अदृश्य असते. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. गालकातील पृष्ठभागांवर वाढणारे सूक्ष्मजंतू त्याचे ऑक्सिडीभवन करून प्रथम नायट्राइट व नंतर बरेच कमी विषारी नायट्रेट बनवितात. दुसऱ्या टप्प्याचे श्रेय पूर्वी नायट्रोबॅक्टर प्रजातीस देत. गोड्या पाण्याच्या जलजीवालयांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा प्रजातीचे असते, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. ही वसाहत जमण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. जोडणीचा मोठा लाभ येथेच आहे : जुन्या मांडणीस जोडलेल्या नव्या टाकीस तयार गालक मिळतो, मात्र मासे एकदम न वाढविता क्रमाक्रमाने वाढवावे लागतात. नायट्रेट साचतच राहते, म्हणून पाण्याचा काही भाग नियमाने बदलणे सुटत नाही.

तापनाचा हिशेब सरळ आहे. ५० लिटरच्या चार टाक्या व तितकीच तळटाकी मिळून २५० लिटर पाणी १° से.ने तापविण्यास सु. १,०५० किलोजूल ऊर्जा लागते; २०० वॉटचा तापक, उष्णता वाया न गेल्यास, त्यास सु. दीड तास घेईल. एखादी टाकी २५ वॉट या त्वरेने उष्णता गमावीत असेल आणि तीतून ताशी १०० लिटर पाणी वाहत असेल, तर तिचे तापमान येणाऱ्या पाण्याहून सु. ०·२° से. कमी राहते, प्रवाह ताशी १० लिटरवर आल्यास हा फरक २° से.पेक्षाही अधिक होतो. म्हणून तापमापक तळटाकीत नव्हे, तर सर्वांत मंद प्रवाहाच्या टाकीत ठेवावा. तापस्थापक बिघडून तापक चालूच राहिल्यास सर्वच मासे दगावू शकतात. एका मोठ्या तापकाऐवजी दोन लहान तापक वापरण्याचे कारण हेच.

एक धोका सहसा लक्षात येत नाही. वरच्या टाक्यांची पातळी नळीने बांधलेली असल्याने सर्व टाक्यांतील बाष्पीभवनाची घट एकट्या तळटाकीत दिसते. पाचही टाक्या ६० × ३० सेंमी. असल्या व प्रत्येक पृष्ठभागावरून दिवसाला ३ मिमी. पाणी उडाले, तर तळटाकी रोज १५ मिमी. उतरते. काही दिवसांतच तापक उघडा पडून त्याची काच तडकते आणि पाण्यात वीज उतरू शकते. तापक आडवा, तळाशी बसवावा. भूसंपर्क-गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. उलट, वीज गेल्यावर वरच्या चार टाक्या ३ सेंमी. उतरल्यास सु. २२ लिटर पाणी खाली येते. तेवढी जागा तळटाकीत मोकळी हवी.

कोकण किनाऱ्यावर तापकाची गरज थोडीच भासते. पुणे-नासिककडील हिवाळी रात्री मात्र तो लागतो. निऑन टेट्रास सु. २४° से., तर डिस्कसला २८° ते ३०° से. मानवते; एकच पाणी फिरत असल्याने हे दोन्ही मासे एका जोडणीत नीट ठेवता येत नाहीत. रोगाचेही तसेच. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी एका टाकीत शिरला की सर्वत्र पोहोचतो आणि औषधही सर्व टाक्यांना द्यावे लागते. त्यामुळे नवे मासे ठेवण्याची टाकी या जोडणीबाहेर, स्वतःच्या लहान गालकासह, वेगळी असावी लागते.